मागच्या बाजूचं बाळ

राणीचा चेहरा पुसायचा हुकूम आला तेव्हा धाकटा अंगावर पीत होता. सम्राटाला त्याच्याच पहारेकऱ्यांनी मारलं होतं. आता त्याचं नि राणीचं नाव घ्यायचं नाही, नाण्यांवर त्यांचे चेहरे ठेवायचे नाहीत. शिपाई घरोघर बघत येत होते.

शेजारची स्टाटिया हातोडा घेऊनच बसली होती. "आण इकडे, दोन घाव घालते!"

"नको गं," म्हणत मी धाकट्याच्या गळ्यातलं काशाचं नाणं मुठीत धरलं.

पुढून राणीच्या चेहऱ्यावर घाव घातला की मागची बाजूही चेपते. मागे मुलं देणारी देवी आहे, कडेवर तान्हं घेतलेली. राणीला मूल होत नव्हतं, म्हणून तर ते नाणं निघालं. नाण्यावर जे मोठ्यानं सांगतात तेच घरात कमी असतं, हे टांकसाळीच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. माझा नवरा हिलारस तिथं ठसे कोरतो. ते तान्हं त्यानं आमच्या थोरल्या मुलीला, प्रिमिलाला बघून कोरलं. तीच वळलेली मूठ, तेच फुगरे गाल. नाणी बाजारात आली तोवर प्रिमिला तापानं गेली होती. तिचं दुसरं काही आमच्यापाशी नाही.

"मग घास," सासूबाई म्हणाल्या. "उंबऱ्यावर वाळू टाक. मी धरते ह्या धाकट्या लांडग्याला."

राणीचं नाक गेलं, मग अंबाडा. माझी बोटं सोलली.

दारात आलेल्या शिपायानं गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला. "इथं कोण होतं?"

नाव घेतलं असतं तर संपलंच होतं.

"तुला दिसतंय का कुणी?" सासूबाई म्हणाल्या. "आम्हाला नाही दिसत, बाबा."

त्यानं नाणं उलटवलं. "आणि हे पोर?"

"माझं," मी म्हणाले.

धाकट्याकडे बघून तो हसला. नाणं परत दिलं.

दिवेलागणीला हिलारस आला. "नव्या नाण्यावर देवी तीच ठेवायचीय. पण नव्या राणीला दोन तान्ही हवीत. एक प्रिमिला आहेच."

"आणि दुसरं?"

तो झोळीतल्या धाकट्याची मूठ बघत राहिला. मी धाकट्यावर शाल ओढली.

"वेडी का तू? कोरल्यानं पोर जातं होय?"

"नाही जात. पण ह्याला नको."

 त्यानं मेणाची पाटी घेतली, झोळीकडे पाठ केली, आणि प्रिमिलाच दोनदा कोरली.