ओयीजानची विश्रांती

मर्गिलान शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी ओयीजानची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, लाळ सकाळ-संध्याकाळ तपासली. लाळेतलं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, सकाळी चढतं नि सांजेला उतरतं. यांचं उतरतच नव्हतं, रात्र-रात्र झोप नाही. "त्यांच्यावरचा भार कमी करा," बाई म्हणाल्या.

आमच्याकडे आईचा भार कमी करायचा म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी कणीक, झाडू, चहाची किटली, सगळं त्यांच्या हातून काढून घेतलं. माझा नवरा अब्रोर त्याच्याही पुढे गेला. आळीतल्या बायका आमच्या तंदुरात रोट्या लावायला यायच्या, त्यांना त्याने बंदी केली. फाटकाला आतून कडी. ओयीजान मऊ गाद्यांवर, मानाच्या जागी.

त्या वाळतच चालल्या. चहा समोर निवून जायचा. नातवाला मांडीवर दिलं तरी नजर फाटकाकडे. सासऱ्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला धास्ती बसली, यांनाही आम्ही असंच हातचं घालवणार.

एका सकाळी अब्रोर बाजारात गेला नि फाटकावर धपाधप थापा पडल्या. शेजारच्या खोसियत मावशी, ओयीजानना नावाने हाका मारत होत्या.

"मुकर्रम! मेलीस का गं? मेली असशील तर मयताचा पुलाव कधी घालताय तेवढं सांगा, म्हणजे मी पोट रिकामं ठेवते!"

मी गारच पडले. आजारी बाईच्या दारात असं बोलतात? पण गादीवरून आवाज आला, कितीतरी दिवसांनी खणखणीत:

"तुझ्या पुलावाचे तांदूळ निवडून ठेवलेत, भवाने! आधी तुझा नंबर!"

मग माझ्याकडे वळून, हळूच, "सूनबाई, उघडतेस का?"

विचारलं त्यांनी. स्वतःच्या घरात. बाळाला कडेवर घेऊन मी कडी काढली.

अब्रोर परतला तेव्हा तंदूर धगधगत होता, बायका एकदम बोलत होत्या नि ओयीजानचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"हे काय? डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?" तो माझ्यावरच उखडला.

"तिला कशाला बोलतोस? मी सांगितलं उघडायला," ओयीजान म्हणाल्या. "जिवंतपणीच माझं मढं राखत बसला होतात रे तुम्ही."

त्याने बाजाराची पिशवी खाली ठेवली. पटलं होतं असं मात्र नाही.

सांजेला बाळ अजून खेळत होतं, तोच आतून ओयीजानचं घोरणं ऐकू आलं. अब्रोर दाराशी बराच वेळ कान देऊन उभा राहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला,

"उद्याला तंदुराचं सरपण पुरेल ना गं?"