काचेमागचं व्हायोलिन

वडिलांचं व्हायोलिन त्याने तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. वडील गेल्यावर धाकट्या बहिणीने, म्हणजे बारकीने, ते मागितलं तेव्हा हा म्हणाला, "तुझ्या दीड खोलीत दोन कारटी नाचतात. आठ दिवसांत चुरा होईल त्याचा." खरं तर वाजवायची तीच. ह्याला सुराचा गंध नव्हता, पण पडला मोठा भाऊ. कडाक्याचं भांडण झालं आणि बारकी वर्षभर ह्या घराकडे फिरकली नाही.

गडी फ्रिज दुरुस्त करणारा. हवा आत शिरली की माल नासला, एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक. बैठकीच्या खोलीत, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीतच कोनाडा पाडून त्याने काचेचं दार बसवलं. व्हायोलिन ओल्या फडक्याने लख्ख पुसलं, आत टांगलं, दाराला चारी बाजूंनी फ्रिजचं रबर लावलं आणि कुलूप ठोकलं. मुंगीला शिरायला जागा ठेवली नाही. आल्यागेल्याला तो हौसेने ते दाखवायचा. "अहो, लाकूड आहे ते, दूध नाही," असं बायको एकदा म्हणाली, तर त्याने तिला उडवून लावलं.

रविवारी सकाळी बारकीचा फोन आला. "दादा, उद्या बोटांचं ऑपरेशन आहे. नंतर बोटं वळतील की नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत. आज एकदा बाबांचं व्हायोलिन वाजवू देशील?"

"एकदा काय, दहादा वाजव," तो म्हणाला. त्याला भरून आलं होतं.

पुसून ठेवावं म्हणून त्याने वर्षाने कुलूप काढलं, तसा कुबट वास नाकात शिरला. समोरून चकचकीत दिसणाऱ्या व्हायोलिनवर मागून पांढरी बुरशी चढली होती. उचलायला गेला तर सरस सुटून पाठीची फळी हातात आली. न्हाणीघराची सगळी ओल त्यानेच आत कोंडून घातली होती. घाईघाईने फळी जागेवर टेकवून त्याने पुन्हा कुलूप लावलं.

बारकी आली तेव्हा तो जमिनीकडे बघत म्हणाला, "किल्लीच सापडत नाही गं." बायको आत निघून गेली.

बारकी चिडली नाही. खुर्ची ओढून काचेसमोर बसली आणि गुडघ्यावर आखडलेली बोटं हळूहळू हलवत राहिली. "असू दे. नुसतं बघते," ती म्हणाली. "तू दिलं नाहीस तेच बरं झालं, दादा. माझ्याकडे एव्हाना मोडलं असतं. तेव्हा मी तुला नाही नाही ते बोलले. मनात ठेवू नकोस."

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याने मुकाट खाल्ल्या असत्या, ही माफी मात्र त्याला गिळवेना. खिशातून किल्ली काढून त्याने कुलूप उघडलं आणि सुटी फळी तिच्या मांडीवर ठेवली.

"माझ्याकडेच मोडलं," तो म्हणाला.

बारकीने रुमालाने फळीवरची बुरशी पुसली. बराच वेळ पुसत होती.

"वर्षभरात एकदाही उघडलं नाहीस?"

"नाही."

"नुसती हाक मारली असतीस ना, तर रोज इथे येऊन वाजवलं असतं रे मी."