काचपेटीच्या दारातला सेटर

मित्रांनो, मी एक जुना सेटर आहे आणि आज माझं डोकं फिरलंय. अकाली जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवायची काचपेटी असते ना, तिच्या प्रोग्रॅममध्ये मी नोकरीला. तापमानाचा आकडा ज्या कप्प्यात राहतो, त्याच्या दारात मी उभा. आलेला आकडा तपासायचा, बरा असेल तरच आत सोडायचा. आतला आकडा बाहेर वाचून दाखवायला माझा जुळा भाऊ, गेटर.

मला लिहिलं ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ताईंनी. त्यांची स्वतःची लेक सातव्या महिन्यात झालेली. अडतीसच्या वर काहीही आलं तर हाकलून द्यायचं, एवढीच त्यांची ताकीद.

पेटीवरचं टिंबाचं बटण पार झिजलं होतं. परिचारिका साडेछत्तीस टाकायच्या, टिंब उमटायचं नाही, आणि माझ्यापुढे यायचं तीनशे पासष्ट. मी परत पाठवायचो. शाबासकी दूरच, पडद्यावर ‘पुन्हा टाका’ दिसलं की माझ्याच नावानं बोटं मोडायच्या.

मग नवे साहेब आले, प्रोग्रॅम आटोपशीर करायला. आमच्यात इंटरफेस नावाचं करारपत्र असतं. त्यात लिहिलेलं एवढंच, की तापमान असेल आणि तो आकडा असेल. दारात कुणी उभं आहे की कप्पा सताड उघडा, याबद्दल अवाक्षर नाही. साहेबांनी आम्हा दोघा भावांना पुसलं आणि उघडा कप्पा ठेवला. करार तपासणारा कंपायलर हूं की चूं करेना.

त्याच आठवड्यात तीनशे पासष्ट थेट आत गेलं. हीटर पेटतच राहिला. परिचारिकेचा हात काचेला लागला आणि चटका बसला, म्हणून दीड किलोचं ते बाळ वेळेत बाहेर निघालं. पाठ लालबुंद झाली होती त्याची.

“इंटरफेसची प्रत्येक अट पूर्ण होत होती. कंपायलरनं एकही चूक दाखवली नाही,” साहेब म्हणाले.

“कंपायलरला आकडा आणि शब्द यातला फरक कळतो,” ताई म्हणाल्या. “बाळाला किती सोसेल, ते तुम्हाला कळायला हवं होतं.”

ताईंनी मला परत बसवलं. पण फक्त त्या एका पेटीत. रुग्णालयातल्या बाकी अकरा पेट्यांत अजून उघडाच कप्पा चालू आहे, कारण साहेबांच्या वेळापत्रकात त्यांची पाळी पुढच्या महिन्यात आहे. पुढच्या महिन्यात! संताप होतो माझा. मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कुणी असल्या पेट्यांच्या प्रोग्रॅमचं काम करत असेल तर त्याला आत्ता उठवा. त्या अकरा पेट्यांत आजही बाळं झोपली आहेत.