उशीचं माप

जिना तिसऱ्या मजल्यापर्यंत माणसांनी भरला होता आणि चपलांचा खच दारापासून खालच्या वळणापर्यंत पोचला होता. शिंप्याच्या बायकोला जाऊन तीन महिने झाले होते आणि आता ती आतल्या खोलीच्या भिंतीत परत आली होती. काळसर हिरवं डोकं, मान, दोन्ही खांदे. तिची खाट हलवली तेव्हा शिंप्यालाच ती पहिल्यांदा दिसली होती.

आठवडाभरात निरोप्या येऊन टपकला. मेलेल्यांचे निरोप जिवंतांना पोचवणं हा त्याचा धंदा. मेलेले तक्रार करायला येत नाहीत, त्यामुळे धंदा बरा चालला होता.

"याला ओल म्हणू नका!" तो गर्दीला दटावत होता. "हा मायेचा ओलावा आहे, मायेचा! सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. खिडकी उघडू नका. वारा लागला की ती निघून जाईल."

आणि काय आश्चर्य, बाई दिवसेंदिवस ठळक होत गेली! लोकांनी तोंडात बोटं घातली. रोज भिजवलेली भिंत वाळेल कशी, एवढा साधा प्रश्न कुणाला पडला नाही. शिंप्याला तर काही विचारायचंच नव्हतं. दुकान बंद करून तो भिंतीपुढे बसे आणि कोणतं गिऱ्हाईक हुज्जत घालून गेलं, कुणाच्या कोटाची बाही चुकली, सगळं तिला सांगे. एकटा पडलेला माणूस किती भाबडा होतो, ते त्याच्याकडे बघून कळत होतं.

त्याची आठ वर्षांची मुलगी त्याच खोलीत, आईजवळ म्हणून झोपायची. तिला खोकला लागला. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

"तो खोकला नाही," निरोप्या म्हणाला. "आई तिच्या छातीशी बोलतेय."

एका दुपारी मुलीचे ओठ निळे पडले. तिला उचलून शिंपी कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंकडे धावला. बाईंनी तिच्या तोंडाला मास्क लावून औषध दिलं. श्वास सुरळीत झाल्यावर त्यांनी विचारलं, "घरात ओल आहे का?"

मास्कमागून मुलगीच म्हणाली, "ओल नाही, आई आहे."

संध्याकाळी डॉक्टरबाई गर्दीतून वाट काढत घरी आल्या. मुलीला त्यांनी बाहेरच्या खोलीत बसवलं आणि भिंत जवळून बघितली.

"या भिंतीबाहेर पाइप आहे?"

"पावसाच्या पाण्याचा. दोन वर्षं झाली, फुटलाय."

"आणि खाट इथेच, भिंतीला लागून?"

"हो. तिला आडवं होता यायचं नाही, दम लागायचा. दिवसरात्र बसून असायची."

"कशाला टेकून?"

"मी उशी शिवली होती. डोक्याला गोल, खांद्यांना दोन्हीकडून आधार..." शिंपी बोलता बोलता थांबला.

"तुम्ही मापाची माणसं," बाई हळूच म्हणाल्या. "घ्या माप."

"टेप लावता तिला?" निरोप्या ओरडला. "पाप लागेल! निघून जाईल ती!"

गळ्यातली टेप शिंप्याने भिंतीवर धरली. खांद्यापासून खांद्यापर्यंत बावीस इंच. पुढचं मोजायची गरजच नव्हती. उशीचं कापड त्यानेच याच मापाने बेतलं होतं. त्याने माळ्यावरून उशी काढली. तिची मागची बाजू काळी पडली होती आणि तिला भिंतीचाच कुबट वास येत होता. उशी भिंतीला लावली, तर खांद्यावर खांदा बसला.

निरोप्या जिन्यातल्या चपलांच्या खचात आपला जोड शोधू लागला.

"ही बुरशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भिंत थंड आणि ओली, उशीमागे वाऱ्याला वाट नाही. म्हणून ती उशीच्या आकारात वाढली. पाणी शिंपडून, खिडकी लावून तुम्ही तिला खतपाणी घातलंत. तिचे कण श्वासाबरोबर छातीत जातात."

"म्हणजे माझ्या उशीनेच..."

"त्यांना दमा आधीचा होता. त्या कशाने गेल्या, ते आज मी सांगू शकत नाही. भिंतीने दमा वाढवला असेल. उशी तुम्ही प्रेमाने शिवलीत, त्यात खोट नाही. पण पोरीला दम लागला तर भिंतीला हात जोडू नका, माझ्याकडे या."

शिंप्याने खिडकीची कडी ओढली. लाकूड फुगून ती घट्ट बसली होती.

"बाबा, नको ना!" मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. "वारा लागला की आई जाईल."

"आई तीन महिन्यांपूर्वीच गेली, बाळा." हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. कडी निघाली, खिडकी उघडली आणि तो लोकांदेखत हुंदके देऊन रडला.

पुढे पाइप बदलला, भिंत सोलून नवा गिलावा झाला आणि ती वाळेपर्यंत मुलगी शेजारणीकडे झोपली. तिचा खोकला हळूहळू कमी झाला. शिंपी आता भिंतीशी बोलत नाही. पण माप देताना एखादं गिऱ्हाईक खोकलं, की तो टेप खाली ठेवतो.

"घरात डाग आहे का कुठे? मग तो कुणासारखा दिसतो ते बघत बसू नका. पाणी कुठून येतं ते बघा. आमच्याकडे ते उशिरा बघितलं."