बनाबाईची कोकरं आणि साहेबांची पावडर

शिवयोगी मूळचा दुधनीचा. सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत मेंढ्यांच्या विभागात तो आकडेमोड करायचा. चौऱ्याहत्तर साली पुण्याला दोन महिने संख्याशास्त्राचं शिक्षण घेऊन परतला आणि त्याच आठवड्यात साहेबांच्या डोळ्यांत खुपायला लागला.

निमित्त झालं पावडरीचं. मानसिंगराव साहेबांना या तपकिरी खनिज पावडरीचा भारी अभिमान. त्यांनी तीस गावांची पाहणी करून घेतली होती. पावडर घालणाऱ्यांची कोकरं न घालणाऱ्यांच्या कोकरांपेक्षा तीन किलोंनी जड भरली होती. साहेबांनी तसं वर लिहूनही टाकलं होतं.

"साहेब, पावडर कोण घेतं?" शिवयोगीने विचारलं. "ज्याच्या शेताला पाणी, ज्याच्या दावणीला हिरवा चारा. त्याची कोकरं पावडरीविनाही जड असणार की."

"मग तुझं म्हणणं काय?"

"एकाच कळपातली कोकरं घ्यावीत. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना द्यावी, निम्म्यांना नाही."

"कर," साहेब म्हणाले. तीन महिने हा माणूस डोळ्यांसमोरून जाईल, हा त्यातला मोठा फायदा.

मंगळवेढ्याच्या पुढे माळावर बिरप्पा आणि बनाबाई या नवराबायकोची मेंढरं होती. त्यांची चाळीस कोकरं ठरली. शिवयोगीने बिरप्पाच्या पटक्यात चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला पावडर त्याच्या पाठीवर तांबडा ठिपका, ज्याला नाही त्याच्या पाठीवर निळा.

"म्हंजी कुणाला द्यायचं, ते तुमी ठरवणार न्हाय?" बिरप्पाने विचारलं.

"नाही."

"मीबी न्हाय?"

"तुम्हीही नाही. चिठ्ठी ठरवणार."

"लई शिकून आलाय जणू," बिरप्पा बायकोला म्हणाला.

बनाबाईचं सगळ्यात किडकिडीत कोकरू निळ्यांत गेलं होतं, तिकडे ती पाहत होती.

तीन महिन्यांनी शिवयोगी काटा घेऊन गेला. तांबडी आणि निळी सारखीच भरली. त्याला आनंद झाला, मग शंका आली, कारण पावडरीचं पोतं ठरल्या वेळेच्या महिनाभर आधीच रिकामं झालं होतं.

"मावशी, निळ्यांना पावडर घातली का?"

"घातली की," बनाबाई सरळ म्हणाली. "एका आईची दोन लेकरं. एकाला द्यायचं आन् दुसऱ्यानं तोंडाकडं बघत बसायचं व्हय? तुमच्या घरी असं वाढत्यात?"

शिवयोगीच्या घरी खरोखरच तसं वाढत नसत.

परतीच्या एसटीत मंगळवेढा ते सोलापूर तो विचार करत राहिला. बनाबाईचं चुकलं नव्हतं, प्रयोगाचं चुकलं होतं. आपण कुणाला काय देतोय हे देणाऱ्यालाच कळलं नाही, तर तो दुजाभाव तरी कसा करणार आणि दया तरी कुणावर करणार? सगळ्यांनाच काहीतरी द्यायचं.

घरी त्याने बायकोला, दाक्षायणीला, वीस किलो ज्वारीचं पीठ पावडरीसारखं तपकिरी होईपर्यंत भाजायला सांगितलं.

"मेंढरांचं लग्न आहे का?" तिने विचारलं.

पण भाजलं. भाजून दंड भरून आले, गल्लीत तीन दिवस खमंग वास सुटला, शेजारणी ताटली घेऊन डोकावून गेल्या. पिशव्याही तिनेच भरल्या. पावडर एक नंबरच्या पिशवीत की दोन नंबरच्या, हे नवऱ्यालाही सांगायचं नाही असं नवऱ्यानेच बजावलं होतं. तिने चिठ्ठी लिहून मसाल्याच्या डब्यात ठेवली आणि ते गुपित अशा कडकपणाने सांभाळलं की शिवयोगीला कधीकधी तिचा राग यायचा.

नवी चाळीस कोकरं, नव्या चिठ्ठ्या. रोज सांजेला प्रत्येकाला चिमूटभर, आपापल्या पिशवीतली. या वेळी बनाबाईची तक्रार नव्हती.

तीन महिन्यांनी वजनं झाली. घरी डबा उघडला. हळद लागलेली चिठ्ठी वाचली. पिठाची कोकरं आणि पावडरीची कोकरं यांत पावशेराचाही फरक नव्हता. मात्र दोन्हीकडची कोकरं शेजारच्या कळपातल्यांपेक्षा चांगली दोन किलोंनी जड होती.

साहेबांनी अहवाल वाचला आणि जीप काढायला सांगितली. "मी स्वतः विचारतो त्या बाईला."

माळावर बिरप्पाने घोंगडं अंथरलं. साहेब बसले. "बाई, खरं सांगा. पावडरीनं कोकरं वाढली ना?"

"न्हाय, सायेब."

"मग कशानं वाढली?"

बनाबाईने जरा विचार केला. "ह्या चिमटीपायी रोज सांजच्याला चाळीस तोंडं धरून उघडावी लागत्यात. तोंड धरलं की समदं कळतंय. कुणाच्या पायात काटा, कुणाला हगवण, कुणाला आई पाजत न्हाय. आदी आठ-आठ दिस ध्यानात यायचं न्हाय. आता त्याच दिशी कळतंय."

परतताना जीपमध्ये कामती गावापर्यंत साहेब एक शब्द बोलले नाहीत. शिवयोगी बदलीच्या गावांची नावं मनात घोळवत बसला.

"पावडर पोत्यात भरून वाटता येते," साहेब अखेर म्हणाले. "बनाबाई कशी वाटणार?"

"नाही वाटता येणार, साहेब."

"एक पत्रक काढू. रोज सांजेला प्रत्येक कोकराचं तोंड, पाय, पोट बघावं. चुकलं माझं, कळवतो वर तसं. पत्रक सगळ्या गावांना पाठवून टाक."

शिवयोगीचा ऊर भरून आला. इतका मोठा माणूस चुकलो म्हणाला. तिथेच त्याने थांबायला हवं होतं.

"सगळ्या गावांना नको, साहेब," तो म्हणाला. "पत्रकाने फरक पडतो का, ते आधी बघायला पाहिजे. निम्म्याच गावांना देऊ. चिठ्ठ्या टाकून."

साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि ड्रायव्हरला जीप जरा दामटायला सांगितलं.