कातळवाडीची निराहारी कुमारी

शुक्रवारी सकाळी कातळवाडीच्या देवळासमोर पाय ठेवायला जागा नसायची. पालीहून आणि वाटेवरच्या गावांतून माणसं चालत यायची. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या काखेत पाय बांधलेली कोंबडी. आत मंडपात चौरंगावर हिरवं लुगडं गुंडाळलेली नऊ वर्षांची राही बसलेली असायची. चौरंग तिला पुरत नव्हता. गाल इतके वर आले होते की डोळे बारीक झाले होते, आणि हातातल्या बांगड्या उतरेनात म्हणून फोडून काढल्या होत्या. शेजारी गंगाराम बुवा उभे.

"बघा, नीट बघा!" बुवा ओरडत. "शिमग्यापासून ह्या पोरीनं घरातल्या अन्नाला हात लावला नाय! आवशीला विचारा! देवी सूक्ष्मातून घेते नि स्थूलातून दाखवते! सायन्सला विचारा, सायन्स काय सांगणार? सायन्स गप!"

सायन्स म्हणजे मी. लशींची पेटी खांद्याला लावून मी गर्दीच्या कडेला उभी असायची, आणि खरंच गप असायची.

मी त्या भागातली सरकारी नर्स. माहेर मालगुंडचं, नोकरी पालीच्या आतल्या सात वाड्यांत, सगळी पायपीट. पोरांना डोस, गरोदर बायकांची तपासणी, पाळणा लांबवायचा सल्ला. अठरा वर्षं हेच केलं होतं. ते साल ब्याऐंशी. जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कातळवाडीच्या मनिऑर्डरी थांबल्या, कारण वाडीतल्या जवळपास प्रत्येक घरचा माणूस गिरणीत होता. काही चाकरमानी परत येऊन दगडी गडग्यावर बसून राहिले, बाकीचे तिकडेच मिळेल ते काम धरून होते. बायका कमी बोलायला लागल्या. मलाही कशाचं काही वाटेनासं झालं होतं. सुई टोचायची, नाव लिहायचं, पुढची वाडी गाठायची.

बुवा शिमग्यात उगवले. कुठून आले हे कुणी विचारलं नाही. संप कधी मिटेल हे सांगणारा माणूस मिळाला, एवढं वाडीला पुरे होतं. त्यांनी देवळात सगळ्या पोरींना उभं केलं आणि त्यातली सगळ्यात काटकुळी उचलली. ती केरूची राही. केरू मुंबईत, घरी बायको आनंदीबाई आणि ही एकच पोर. "देवी ह्या कुमारिकेत बसली," बुवांनी जाहीर केलं. "रोज थोड्या थोड्या घरांत हिचं पाऊल लागू दे. संप मिटतोच!"

कुमारिकेचे पाय धुवून तिला आत घेणं ही काही नवी रीत नव्हे. त्यामुळे राही रोज सात-आठ घरं फिरायला लागली आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मग चमत्कार सुरू झाला. राही घरी जेवेना. आनंदीबाई पेज पुढे ठेवी, पोर ताट सारून देई. आणि तरी अंगानं भरत चालली.

जूनमध्ये मी शाळेतल्या पोरांची वजनं घेतली. फेब्रुवारीत एकवीस किलो असलेली राही तीसवर गेली होती. मी नोंदवहीत लिहिलं, 'प्रकृती उत्तम'. स्वतःला झाकायचं नाही म्हणून हे सांगते. आम्हाला शिकवलं होतं ते वाळलेली पोरं शोधायला. वाळलेल्यांसाठी वहीत चार पायऱ्या होत्या, फुगलेल्यांसाठी एकही नव्हती. बरगड्या मोजून मोजून थकलेल्या डोळ्यांना गुबगुबीत पोर दिसलं की बरं वाटतं. बुवा लबाड आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पोर आजारी पडतेय हे मात्र मला सुचलंच नाही.

दसऱ्यापर्यंत राही चार पावलं चालली की धापा टाकायला लागली. बुवा म्हणाले, संचार. वर्गात बसल्या बसल्या ती घोरायची. बुवा म्हणाले, समाधी. मानेभोवती काळा जाड पट्टा उठला. आनंदीबाईनं काथ्यानं घासघासून कातडी सोलली तरी तो जाईना. बुवांनी सगळ्यांना मान दाखवली, "देवीच्या माळेचा वळ! डोळे भरून घ्या!" लोक डोळे भरून घेत होते. बुवांकडे प्रत्येक दुखण्याचं बारसं करायची विद्या होती.

मग एका दुपारी आनंदीबाई माझ्या खोलीवर आली. पदराचं टोक पिळत दारातच उभी राहिली.

"बाय, एक इचारू? रागवू नको."

"बोल ना गो."

"पोरगी कळशी कळशी पाणी पिते. नि सारखी मागच्या परड्यात धावते. बसते तितं मुंग्या जमतात. बुवा बोलले, तीर्थ गोड झालंय, बाटलीत भरून ठेव. पन माज्या मनाला काय ते बरं वाटत नाय."

तिनं पदराखालून बाटली काढली. मी गरोदर बायकांच्या तपासणीचं निळं औषध नळीत घेतलं, त्यात बाटलीतले आठ थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग जांभ्या दगडाच्या चिऱ्यासारखं तांबडं. आनंदीबाई बघत होती.

"ह्या काय गो?"

"साखर. राहीच्या लघवीत साखर आहे. आनंदे, खरं सांग, ती काय खाते?"

"देवीशप्पत, घरात शिताला शिवत नाय!"

मी तिच्यावर विश्वास ठेवला. ती खरंच बोलत होती. पण साखर हवेतून येत नाही.

दोन दिवसांनी वाडीतल्या हौसाकडे तपासणीला गेले. तिला पाचवा महिना होता. मागच्या दारानं शिरले तर माजघरात पाटासमोर रिकामं ताट, वाटीच्या तळाला नारळाच्या गोड रसाचा थेंब, आणि पुढच्या दारानं बाहेर पडणारी राहीची पाठ. हौसा दचकली, पण बायका माझ्यापासून फार काही लपवत नाहीत. पाळणा लांबवायला सासूला न सांगता बसवलेली तांबी मला माहीत असते.

"बाय, तुला म्हनून सांगतंय," ती कुजबुजली. "ती कुनाकडं खात नाय, पन माज्या हातचं खाते! देवीनं माजं एकटीचं घेतलान. बुवा बोलले, गोडाचं भरव, ताट रिकामं झालं पायजे, नि कुनाला सांगू नको. सांगितलंस तर नवस फुटला, घोवाचं काम गेलं."

पुढचं घर ठमाबाईचं. वय सत्तर, दोन मुलगे गिरणीत. मी सरळ विचारलं, "ठमाकाकू, राही तुमच्याकडे खाते ना?"

म्हातारीचे डोळे भरून आले. "तुला कसं कळलं गो? माज्या एकटीच्या हातचं खाते ती!"

तिसऱ्या घरच्या गुणवंतीनंही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. पाचव्या घरानंतर मी विचारायचं सोडलं. कुठे घावन-रस, कुठे शिरा, कुठे खिरीत बुडवलेली बिस्किटं. संपाच्या वर्षात, घरात दोन वेळची मारामार असताना, ह्या बायकांनी आपल्या पोरांच्या तोंडचा गूळ-खोबरं काढून देवीला घातलं होतं. प्रत्येकीला वाटत होतं की गाव उपाशी कुमारिका बघतंय आणि आपल्याला तेवढी देवी पावली. मग तोंड कोण उघडणार? बुवाला कुलूप लावायची गरजच पडली नाही.

राही मला पाऊलवाटेवर सापडली. गडग्याला टेकून श्वास घेत होती. मी शेजारी बसले.

"पोट भरलं की नको म्हणावं गो. खातेस कशाला?"

"नको बोलायचं नाय. ज्या घराला नको बोलेन त्या घरातल्या मानसाला गिरनीत घेनार नाय. मला बुवानं सांगितलान."

"आणि कुणाला सांगितलंस तर?"

"माज्या बापासला कोन घेनार नाय." मग म्हणाली, "मंगळवारी धाकूच्या घरी मला उलटी झाली. मी पोफळीखाली जाऊन केली नि परत जाऊन उरलेलं खाल्लं. धाकूचा बापूस तितं मुंबैत आजारी हाय ना."

मला रडू आलं नाही. मी तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. महिनोन् महिने मला काही वाटलं नव्हतं; त्या वेळी स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून जात नाही.

पालीच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "लगेच रत्नागिरीला न्या. एवढ्या लहान वयात अशी साखर चढली की डोळे, मूत्रपिंड, सगळ्यावर येतं. अजून वेळ आहे, पण फार नाही." आनंदीबाई तयार होती. वाडी नव्हती. देवी गावाची, ती संप मिटेपर्यंत गाव सोडणार नाही, असं बुवांनी सांगून ठेवलं होतं. गडीमाणसं तर सडकेवर आडवी पडायला निघाली होती.

म्हणून मी शुक्रवारी मंडपात गेले. बुवांनी मला बघितलं आणि त्यांना चेव चढला. "आज सायन्स पुढं आलं! काय नर्सबाई, देवीला सुई टोचनार?"

"एकच विचारायचंय," मी म्हणाले. "वाडीतल्या बायकांना. ज्या बाईनं राहीला एकदाही गोडाचं भरवलं नाही, तिनं हात वर करायचा. जिनं भरवलंय तिनं एक शब्द बोलायचा नाही, म्हणजे कुणाचा नवस मोडणार नाही. फक्त देवीसमोर खोटा हात वर करू नका."

"ह्या काय नाटक?" बुवांचा आवाज चिरकला. पण त्यांना अडवता येईना. मी कुणाला बोलायला सांगितलंच नव्हतं.

वाडीच्या तीसेक बायका मंडपात होत्या. आधी सगळ्यांनी खाली बघितलं. मग एक हात वर गेला. आनंदीबाईचा. पोटची पोर, आणि एकट्या तिनंच आठ महिने तिला काही भरवलं नव्हतं. तिनं मागे वळून बघितलं, दुसरा हात दिसेना. हात तसाच वर ठेवून ती एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हौसे, तू पन?" ठमाबाईला राहवलं नाही.

"तुमी पन, काकू?"

"मला वाटलं माजंच घेते!"

"मला पन तसंच बोलले बुवा..."

बुवा ओरडले, "सूक्ष्मातून! देवी सूक्ष्मातून..."

"कसलं सूक्ष्म रे मेल्या!" ठमाबाई काठी टेकत उठली. "मडकं मडकं पिठाचे घावन घातलेत मी! जळला तुजा सूक्ष्म!"

हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. मी नळी काढून तांबडा रंग दाखवला, मानेवरचा पट्टा, धाप, झोप, मुंग्या, सगळं कशानं होतं ते सांगितलं. एका घरचं एक ताट म्हणजे माया, पण रोज सात-आठ घरांची सात-आठ ताटं म्हणजे नऊ वर्षांच्या अंगावर टाकलेली दरड. राही चौरंगावरून ऐकत होती.

"म्हंजे आता खायचं नाय?" तिनं विचारलं.

"नाही गो."

"मग गिरनी?"

सगळी वाडी तिथं होती, चाकरमानीसुद्धा. आनंदीबाईनं तिला चौरंगावरून उतरवलं आणि आम्ही सडकेकडे चाललो. आडवं कुणी पडलं नाही.

बुवा त्याच दुपारच्या एस.टी.नं गेले. पुढे कळलं की संगमेश्वरच्या बाजूला बसलेत आणि आता एक वाळका मुलगा हाताशी आहे. मी तिकडच्या नर्सला पत्र लिहिलं.

राही तीन आठवडे रत्नागिरीला इस्पितळात होती. साखर उतरली. वजन उतरायला वर्ष गेलं, गुडघे अजून दुखतात. आणि गिरण्या उघडल्या नाहीत, निदान कातळवाडीच्या माणसांसाठी नाही. केरू ट्रंक घेऊन परत आला. वाडीतली चार माणसं अजूनही म्हणतात, पोरीनं खाणं सोडलं म्हणून संप फसला. हे राहीच्या कानावर गेलंच. पुढच्या तपासणीला काट्यावर उभी असताना तिनं मला विचारलं.

"बाय, माज्यामुळं झालं?"

"नाही. गिरण्या बंद राहिल्या त्याची कारणं मुंबईत आहेत. तू खाल्लं असतंस तरी तेच झालं असतं."

तिनं काट्याकडे बघितलं. "मग मी सगळं उगाच खाल्लं?"

"हो गो. उगाच."

तिनं मान हलवली आणि काट्यावरून उतरली.

मला भाषण येत नाही, पण एवढं सांगते. पोर वाळलं किंवा फुगलं, तर देवाला विचारू नका. ते काय खातंय आणि कोण भरवतंय ते विचारा. गुबगुबीत दिसलं म्हणून बरं आहे असं समजू नका, मी समजले होते. आणि कुणी तुम्हाला कानात सांगितलं की ही गोष्ट कुणाजवळ बोलू नको, तर उठा आणि पहिल्यांदा शेजारणीला जाऊन सांगा. हौसानं ठमाबाईला शिमग्यातच सांगितलं असतं, तर त्या पोरीला हे एवढं खावं लागलं नसतं.