चिमणीच्या आईची तोंडी परीक्षा

बाळांनो, अशी कल्पना करा, तुमची आई दिवसभर लॉन्ड्रीत उभ्याने इस्त्री करून आली आहे. घरी जाऊन पाठ टेकायची सोडून ती तुमच्यासारखीच वर्गात बसली आहे. पाय सुजलेत, डोळे मिटताहेत, आणि फळ्यावर स्पॅनिश!

आपल्या चिमणीची आई अगदी अशीच बसली होती. घरी कुणी नसल्यामुळे चिमणीही शेजारी होती. आज तोंडी परीक्षा. पास झाली, तर आईला स्पॅनिश बोलणाऱ्या एका आजींना सांभाळायचं काम मिळणार होतं. नाही झाली, तर आहेच पुन्हा ती वाफ आणि ती इस्त्री.

"आई, झोपू नकोस ना."

"झोपत नाहीये गं. डोळ्यांना जरा विश्रांती देतेय."

मागच्या बाकावरचे ट्रकवाले काका हसले. "वहिनी, खुशाल घोरा. फक्त स्पॅनिशमध्ये घोरा म्हणजे झालं."

तेवढ्यात बाईंनी आईला विचारलं, "कोमो एस्ता?" म्हणजे, कशा आहात?

पहिल्याच धड्यातला प्रश्न. आईने तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं.

चिमणीला कळेना. सकाळी घरी इस्त्री करताना तर आई सगळं धडाधड म्हणत होती! कामावर पुस्तक उघडायला सवड नव्हती, म्हणून तिने एकेक वाक्य शर्टाबरोबरच पाठ केलं होतं. कॉलर दाबताना 'मी बरी आहे', डाव्या बाहीला 'पाणी देऊ का', उजव्या बाहीला 'जरा सावकाश बोला'. आत्ताही तिचा हात रिकाम्या बाकावरून मागेपुढे फिरत होता. पण हाताखाली काहीच नव्हतं.

"सावकाश आठवा," बाई म्हणाल्या. त्याही दमल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी जांभई दाबली.

"राहू द्या, बाई. माझं डोकंच चालेनासं झालंय. चल गं चिमणे, घरी जाऊ." आई बाकाला धरून उठू लागली.

चिमणीने तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि ती थेट मागच्या बाकापाशी गेली.

"काका, आत बनियन आहे ना?"

"आहे की. का गं?"

"मग शर्ट काढा."

"आँ?"

"काढा ना लवकर!"

सगळा वर्ग हसला. काकांनी मुकाट्याने शर्ट काढून दिला. चिमणीने तो चुरगळलेला शर्ट आईपुढे बाकावर पसरला आणि त्याची कॉलर आईच्या हाताखाली सरकवली. आईने ती सवयीने दाबली आणि तिच्या तोंडून निघालं, "एस्तोय ब्येन!" म्हणजे, मी बरी आहे.